बघून येण्यासाठी पैसे

दोन सहावारी साड्या घ्या. काठाला काठ लावून लांबीत शिवा आणि पुऱ्या उलगडून भिंतीवर ताणून बसवा. जेवढी भिंत झाकली जाईल, जवळपास तेवढंच बार्नेट न्यूमन या अमेरिकन चित्रकाराचं एक चित्र आहे. उंची २४२ सेंटिमीटर, लांबी ५४१. ‘व्हिर हिरोइकस सब्लिमिस’ असं भारदस्त लॅटिन नाव, १९५०-५१ मध्ये रंगवलेलं, आता न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. या एवढ्या पसरलेल्या चित्रात आहे काय, तर लाल रंग आणि त्याला वरपासून खालपर्यंत छेदणाऱ्या पाच बारीक उभ्या रेषा. बस्स.

माझ्याकडच्या एका पुस्तकात हे चित्र एसटीच्या तिकिटाएवढं छापलंय. तिथे ते निव्वळ लाल तुकडा दिसतं. कुणीही म्हणेल, यात काय विशेष? पण न्यूमन यांनी १९५१ सालच्या आपल्या प्रदर्शनात प्रेक्षकांसाठी सूचनाच लावली होती. मोठी चित्रं लांबून बघायची आपली सवय असते, ही मात्र जवळ उभं राहून बघा, असा तिचा आशय होता. जवळ गेलं की चित्राच्या कडा नजरेबाहेर जातात. मग आपण चित्राकडे बघत नसतो, त्या लाल रंगाच्या आत उभे असतो. छापील पानावर हा अनुभव येणं शक्यच नाही, कारण तिथे चित्राचं माप मेलेलं असतं.

१९६८ मध्ये भारतीय चित्रकार तैयब मेहता अमेरिकेत गेले आणि त्यांनी न्यूमन यांचं काम प्रत्यक्ष पाहिलं. तैयब मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात वाढलेले. तरुणपणी ताडदेवच्या फेमस स्टुडिओत फिल्म एडिटिंग केलेलं, मग जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, मग पाच वर्षं लंडन. म्हणजे युरोपची चित्रकला त्यांनी डोळे भरून पाहिली होती. पण अशी अमेरिकन चित्रं त्यांना छापील रूपातच माहीत होती. पुढे एका मुलाखतीत त्यांनी फार प्रांजळपणे सांगितलं आहे, की मूळ चित्र समोर आलं नसतं तर आपण हा सगळा प्रकार चमत्कृती म्हणून मोडीत काढला असता. समोर उभे राहिले आणि आतून हलले. चित्रात आकृती नाही, गोष्ट नाही, पण रंग ज्या तऱ्हेने लावलाय, जागा ज्या प्रमाणात वाटलीय, तेवढ्यानेच मनात कालवाकालव झाली.

ते परत आले आणि अडले. कॅनव्हास काही केल्या जुळेना. एके दिवशी, वैतागाच्या भरात, त्यांनी त्यावर एक तिरका फटकारा ओढला. कॅनव्हास या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरला गेला आणि त्या चिरेतून त्यांची पुढची चित्रं बाहेर आली. १९६९ पासूनची त्यांची ‘डायगोनल’ मालिका ती हीच. सपाट, शांत रंगांचे मोठे पट्टे, त्यांना कापत जाणारी तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना विभागलेलं माणसाचं शरीर. मला स्वतःला त्या रेषेत एडिटिंग टेबलावरची कात्रीही दिसते. पण न्यूमन यांच्या उभ्या रेषा पाहून आलेल्या माणसाच्या हातून ही तिरकी रेघ निघाली, हे विसरता येत नाही. तिकडची रेघ उभी आणि निश्चल होती. इकडे येईतो ती कलली आणि तिला धार आली.

आता माझ्या कुतूहलाचा खरा विषय. या प्रवासाचे पैसे कुणी दिले? आणि देणाऱ्याला बदल्यात काय हवं होतं?

पैसे दिले ‘जेडीआर थर्ड फंड’ या न्यूयॉर्कच्या संस्थेने. आज तिचा वारसा ‘एशियन कल्चरल कौन्सिल’ ही ना-नफा तत्त्वावर चालणारी संस्था चालवते. काम एकच: आशियातल्या कलावंतांना अमेरिकेत, अमेरिकेतल्यांना आशियात आणि आशियातल्या एका देशातल्यांना दुसऱ्या देशात पाठवायचं. चित्रकार, नाटकवाले, नर्तक, संगीतकार आणि कलेचे अभ्यासकसुद्धा. आणि बदल्यात काय, तर इतकी चित्रं काढून द्या, इतके प्रयोग करून दाखवा, अशी अट नाही. जा, बघा, माणसांना भेटा, परत या. हिशेबाच्या वहीत या खर्चासमोर लिहायला जिन्नसच नाही. कारखानदाराने यंत्र घेतलं तर ते दिसतं, दानशूराने धर्मशाळा बांधली तर तिच्यावर नाव कोरता येतं. कुणीतरी काहीतरी बघून आलं, त्याची पावती कशी फाडणार?

ही कल्पना सुचली एका श्रीमंत, अबोल माणसाला. तेलाच्या धंद्यातल्या पहिल्या रॉकफेलरांचे नातू जॉन डी. रॉकफेलर तिसरे. १९५१ मध्ये जपानशी शांतता तह करण्याची बोलणी चालली होती. अमेरिकन मुत्सद्दी जॉन फॉस्टर डलस यांच्या शिष्टमंडळाबरोबर हे टोकियोला गेले, ते सांस्कृतिक सल्लागार म्हणून. दोन देशांनी एकमेकांवर बाँब टाकून सहाच वर्षं झालेली. तह कागदावर होईल, पण माणसं एकमेकांना ओळखणार कशी, हा प्रश्न त्यांना तिथे भिडला असावा, कारण पुढची पंचवीस वर्षं ते त्याच्याच मागे होते. १९५६ मध्ये त्यांनी एशिया सोसायटी काढली आणि १९६३ मध्ये जेडीआर थर्ड फंड. १९७८ मध्ये मोटार अपघातात ते गेले. पण काम थांबलं नाही. १९८० मध्ये आशियाई कार्यक्रमाचं स्वतंत्र संस्थेत रूपांतर झालं, तीच एशियन कल्चरल कौन्सिल.

सुरुवातीच्या काळात ही देणगी किती मोलाची होती, हे आज कळणं अवघड आहे. कलावंताकडे रुपये नव्हते, एवढीच अडचण नव्हती. असते तरी उपयोग नव्हता! भारतात परकीय चलनाची भयंकर टंचाई होती. परदेशी जायचं तर रिझर्व्ह बँकेचा ‘पी फॉर्म’ मंजूर व्हावा लागे आणि बरोबर नेता येणारे डॉलर अगदी मोजके. त्यात जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं. ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर एका दिवसात साडेसात रुपयांचा झाला. अशा काळात न्यूयॉर्कमध्ये काही महिने राहायचं, संग्रहालयं पालथी घालायची, तर तिकडूनच कुणीतरी डॉलरमध्ये खर्च उचलायला हवा होता. फेलोशिप म्हणजे मानमरातब नंतर, आधी ती बंद दाराची किल्ली होती.

कुणाला पाठवायचं, हे ठरवण्यात मोठा वाटा होता पोर्टर मॅक्रे यांचा. ते आधी म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या आंतरराष्ट्रीय विभागाचे प्रमुख होते आणि अमेरिकन चित्रं युरोपभर फिरवण्याचा दांडगा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. इथे एक गोष्ट स्पष्टच सांगायला हवी. शीतयुद्धाचे दिवस होते आणि अमेरिकेची कला जगाला दाखवण्यामागे राजकारणही होतं. रॉकफेलरांचा पैसा त्या राजकारणापासून अगदी अलिप्त होता, असं मी म्हणणार नाही. पण पाठवणाऱ्याचा हेतू काहीही असो, बघणाऱ्याच्या डोळ्यांत काय उतरेल, यावर त्याची सत्ता चालत नाही. या सगळ्या व्यवहारातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी बाब हीच.

चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचंच बघा. घराणं गोव्याचं, जन्म १९२४ चा नागपूरचा, लहानपण गोव्यात आणि गिरगावात. वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये त्यांचा स्टुडिओ होता. त्याच छपराखाली सतारवादक रविशंकर, नाट्यदिग्दर्शक अल्काझी, चित्रकार हुसेन. कला एकमेकींच्या शेजारी राहिल्या की काय होतं, हे त्यांनी न्यूयॉर्कच्या आधीच अनुभवलं होतं. १९६४ मध्ये याच फंडाच्या फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. गंमत म्हणजे त्यांचं १९६२ सालचं एक चित्र त्यांच्या आधी तिथे पोचून म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात दाखलही झालं होतं.

गायतोंड्यांवर अमेरिकन चित्रकार मार्क रॉथको यांचा प्रभाव पडला, असं सहज म्हटलं जातं. मला ते फार घाईचं वाटतं. मनुष्याकृती त्यांनी १९५० चं दशक संपेपर्यंतच सोडली होती. हातात रोलर आणि रंग खरवडायची सुरी अमेरिकेला जाण्यापूर्वीच आली होती. त्यांच्या चित्राजवळ उभं राहिलं की कळतं, रंग ब्रशने लावलेला नाही. एक थर रोलरने पसरायचा, सुकू द्यायचा, पुढचा थर द्यायचा, मग थोडा काढून घ्यायचा. पुढेपुढे तर वर्तमानपत्राचे फाडलेले कपटे ओल्या रंगावर ठेवून उचलायचे. कपट्याबरोबर रंग निघून येई आणि खालचा थर मंद दिव्यासारखा वर येई. वर्षभरात अशी पाच-सहाच चित्रं होत. मधला बाकीचा वेळ नुसतं बसणं, थांबणं. अशा माणसाला न्यूयॉर्कने काय दिलं असेल? मला वाटतं, धीर. आपण ज्या एकाकी वाटेने चाललोय ती वाट आहे, एवढी खातरी. तैयब यांना त्या शहराने उलटंपालटं केलं. गायतोंड्यांना बहुधा त्यांच्याच जागी आणखी खोल रोवलं. एकच फंड, एकच शहर, मधे चारच वर्षं आणि दोन माणसांना दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिळाल्या. आधी ठरवून हे कोण घडवू शकेल?

चित्रकारच नव्हेत. १९८३ मध्ये नाटककार सतीश आळेकर एशियन कल्चरल कौन्सिलच्या फेलोशिपवर अमेरिकेचं नाटक बघायला गेले. त्यांचं ‘महानिर्वाण’ रंगमंचावर येऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. दिवसा पुण्याच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात जीवरसायनशास्त्र, संध्याकाळी थिएटर अकादमी. परत आल्यावर, १९८५ पासून, फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने थिएटर अकादमीने महाराष्ट्रातल्या नव्या नाटककारांसाठी योजना राबवली. पुढे आळेकरांनी पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राची धुरा तेरा वर्षं वाहिली. या सगळ्याचं श्रेय एका प्रवासाला देणं अन्यायाचं होईल. पण एका माणसाने पाहून आलेलं किती वर्गांमधून, किती तालमींमधून झिरपलं असेल, याचा विचार केला तर डोकं गरगरतं.

उलट दिशेनेही माणसं आली. रिचर्ड शेकनर हे न्यूयॉर्कचे दिग्दर्शक १९७१-७२ मध्ये याच फंडाच्या पैशांवर आशियात हिंडले. नंतर पुन्हा पुन्हा भारतात येत राहिले, रामनगरच्या रामलीलेचे अभ्यासक झाले आणि १९७६ मध्ये स्वतःच्या मंडळींना घेऊन ब्रेख्तचं ‘मदर करेज’ भारतात करून गेले. महिनाभर चालणारी, अख्ख्या गावभर पसरलेली रामलीला पाहिलेल्या माणसाला ‘नाटक म्हणजे काय’ याचं उत्तर नव्याने शोधावं लागलं, आणि तो शोध पुढे न्यूयॉर्कच्या विद्यापीठात अभ्यासाचा विषय झाला.

काही जण गेले ते गेलेच. जपानमध्ये राहणारे चिनी चित्रकार त्साय ग्वो-च्यांग १९९५ मध्ये या संस्थेच्या मदतीने न्यूयॉर्कला पोचले आणि तिथेच स्थायिक झाले. दुसऱ्याच वर्षी ते नेवाडाच्या वाळवंटात, जिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या तिथे, उभे राहिले आणि हातातल्या पुठ्ठ्याच्या नळीत थोडी बंदुकीची दारू पेटवली. मुठीवर एक चिमुकला धुराचा ढग उमलला, कुत्र्याच्या छत्रीच्या आकाराचा. बारूदीचा शोध लागला त्या देशातला माणूस, आयुष्याची आधीची वर्षं हिरोशिमाच्या देशात काढलेला, अणुबाँबच्या भूमीवर. तो ढग तिथे जाऊनच पेटवता येत होता.

मराठीत एक शब्द आहे, ज्याचं मला या लेखाच्या निमित्ताने नव्याने नवल वाटलं: भेट. कुणाला तरी भेटणं ही भेट आणि कुणाला तरी काही देणं हीही भेट. या संस्थेचं सगळं काम या एका शब्दात मावतं. पैसे हा त्यातला सोपा भाग. अनोळखी शहरात उतरलेल्या कलावंताने कोणाचा दरवाजा ठोठावायचा, कोणत्या तालमीला जाऊन मागच्या खुर्चीत बसायचं, संग्रहालयाच्या तळघरातली चित्रं कुणाला विचारून बघायची, हे सांगणारं माणूस हवं. नवख्या पाहुण्याला गावाची ओळख करून देणारा जो घरचा माणूस असतो ना, तसं.

२४ ऑक्टोबर २०१४ रोजी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात गायतोंड्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन उघडलं. शंखासारख्या वळणांची ती पांढरी इमारत, गायतोंडे १९६४ मध्ये त्या शहरात उतरले तेव्हा पाच वर्षांची होती. मध्ये पन्नास वर्षं गेली. गायतोंडे २००१ मध्ये वारले होते. चित्रं मात्र आली. आता जवळ जाऊन उभं राहायची पाळी न्यूयॉर्ककरांची होती, कारण रोलरने पसरलेला आणि कागदाच्या कपट्याने उचलून घेतलेला तो रंगही पुस्तकात दिसत नाही.