वेदना म्हणजे नुसतं दुखणं नव्हे

इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवस बसून आले असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "न बोलता राहवलं कसं?" आणि लगेच दुसरा, "पाय फार दुखले असतील ना?" विपश्यना म्हणजे तोंड मिटून दुखणं सोसायचं, असाच बहुतेकांचा समज असतो. या समजाला थोडीफार आपली भाषाही कारणीभूत आहे. तिथले कळीचे शब्द पालीतले आहेत आणि ते मराठीतही आहेत, पण वेगळ्या अर्थाने. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून त्याचा अर्थ विचारायचं आपल्याला सुचतच नाही.

'वेदना' हाच शब्द घ्या. मराठीत वेदना म्हणजे कळ. पालीत वेदना म्हणजे जे जे जाणवतं ते सगळं, मग ते सुखद असो, दुःखद असो की धड सुखदही नाही आणि दुःखदही नाही असं. बुद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार गोष्टींकडे सजगपणे पाहायला सांगितलं आहे, त्यातली ही दुसरी. मानेवर पंख्याचा वारा लागला, ती वेदना. ओढणीचा काठ खांद्याला घासला, तीही वेदनाच.

गुडघे दुखतात, हे मात्र खरं. पहिले साडेतीन दिवस आनापान असतं. त्यात येणारा-जाणारा श्वास नाकपुड्यांशी जसा आहे तसा जाणायचा. चौथ्या दिवशी विपश्यना सुरू होते आणि डोक्यापासून पायापर्यंत एकेका भागावरून लक्ष फिरवायचं असतं. तिथून पुढे रोजच्या तीन सामूहिक बैठकांत तासभर आसन न बदलता, डोळे न उघडता बसायचं. याला अधिष्ठान म्हणतात. आपल्याकडे या शब्दाचा अर्थ पाया, आधार. इथे त्याचा अर्थ पक्का निश्चय. पहिल्याच अधिष्ठानाला माझ्या उजव्या गुडघ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. आता मोडतोय, असंच वाटत होतं. मग सांगितल्याप्रमाणे नीट पाहिलं, तर तो एक सलग गोळा नव्हताच. कडेला नुसती ऊब होती, मध्ये ठणका होता, आणि तो ठणकाही वाढत होता, उतरत होता, क्षणभर गायबही होत होता. अनित्य म्हणजे काय, हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं. त्या दुपारी ते गुडघ्यात कळलं. तरीही हा सहनशक्तीचा पराक्रम नव्हे. अगदीच असह्य झालं तर आसन बदलायला मुभा असते. बुद्धांनी स्वतः देहदंडाचा मार्ग सोडून मध्यम मार्ग धरला होता.

'उपेक्षा' या शब्दाने तर त्याहून मोठा घोटाळा केला आहे. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, दुर्लक्ष. पालीतल्या उपेक्खेत लक्ष पुरेपूर असतं, फक्त हवंहवंसं धरून ठेवणं नसतं आणि नकोसं ढकलून देणं नसतं. हा फरक माहीत नसला की विपश्यना माणसाला कोरडं करते, घरसंसारावरून मन उडवते, असं वाटू लागतं. प्रत्यक्षात दहाव्या दिवशी शिकवतात ती मेत्ता, म्हणजे सगळ्यांविषयीची मैत्रीभावना. 'संस्कार' शब्दाचंही असंच. आपण आईवडिलांचे चांगले संस्कार म्हणतो. तिथे संखार म्हणजे राग-लोभाची मनात मुरत गेलेली प्रतिक्रिया.

मौनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते साधकांनी आपापसांत पाळायचं असतं, आणि त्यात खाणाखुणाही आल्या. साधनेतली शंका आचार्यांना विचारता येते, पांघरूण कमी पडलं तर सेवकांना सांगता येतं. दहाव्या दिवशी ते सुटतं.

धर्मांतराची भीतीही बोलून दाखवली जाते. आरंभी त्रिशरण आणि पंचशील घेतात, हे लपवण्याचं कारण नाही. दहा दिवस जप, माळ, पूजा बाजूला ठेवायलाही सांगतात. पण तिथे कुणाला दीक्षा देत नाहीत, की कुणाचा धर्म बदलत नाहीत. पैशांचा संशयही निराधार आहे. राहण्याजेवणाचे, शिकवण्याचे पैसे घेत नाहीत, आणि दान घेतात तेही फक्त शिबिर पूर्ण केलेल्यांकडून.

मला सगळ्यात घातक वाटतो तो 'विपश्यनेने आजार बरे होतात' हा समज. ही शिबिरं ज्यांच्या परंपरेतली आहेत ते सत्यनारायण गोयंका 1955 मध्ये ब्रह्मदेशात विपश्यनेचे आचार्य सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले ते अर्धशिशीने बेजार होऊन. डोकेदुखीवर इलाज म्हणून येत असाल तर येऊ नका, असं ऊ बा खिन यांनी त्यांना बजावलं होतं. मन निर्मळ करण्यासाठी या, असं त्यांचं म्हणणं होतं. 1969 मध्ये भारतात येऊन गोयंकाजींनी ही साधना शिकवायला सुरुवात केली, तेव्हाही ती औषधाला पर्याय म्हणून नव्हे. रोज दहा तासांच्या आसपास ध्यान करताना मनात खोल गाडलेलं बरंच काही वर येतं. गंभीर मानसिक आजारात ते झेपेलच असं नाही, म्हणून अर्जात आजार आणि औषधांविषयी प्रश्न असतात. जाणार असाल तर त्यांची उत्तरं खरी लिहा आणि चालू असलेली औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.