बोअर घेताना खडक फुटतो कसा?

दख्खनचा बेसॉल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. दाब सोसायला खंबीर, ताण सोसायला कच्चा. ताण सोसण्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढी.

• ठोका: यंत्राच्या टोकाला असलेल्या बिटावर टंगस्टन कार्बाइडची बटणं. बटणाखाली दगडाचं पीठ होतं, भोवती केसासारख्या भेगा पसरतात. शेजारच्या भेगा एकमेकींना भिडल्या की कपची उडते. खरी तोड इथेच. बिट जरासं फिरतं, पुढचा ठोका नव्या जागी.

• चुरा: कॉम्प्रेसरची हवा वर फेकते. काळपट भुकटी म्हणजे कातळ. लाल माती म्हणजे बहुधा दोन लाव्हाथरांमधला थर.

• खोलवर: भोकाभोवती दाब एकवटतो. भिंती समोरासमोरच्या दोन बाजूंनी ढासळतात, सर्वांत कमी आडव्या दाबाच्या दिशेला.

• खाली दगडही बदलतो: कोयनेच्या 3 किलोमीटर खोल बोअरमध्ये बेसॉल्टखाली ग्रॅनाइट-नीस लागला.