प्रवेश विनामूल्य, पण वाट महाग

मुंबईत काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनात शिरण्यासाठी तिकीट काढावे लागत नाही. सर कावसजी जहांगीर यांनी दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ साली हे दालन उभे राहिले आणि देशातील नामांकित चित्रकारांपैकी बहुतेकांची चित्रे केव्हा ना केव्हा त्याच्या भिंतींवर लागली. असे असूनही फोर्टमधील एखाद्या कचेरीत तीस वर्षे नोकरी करून निवृत्त झालेला आणि या दालनाची पायरी एकदाही न चढलेला कारकून फार शोधावा लागणार नाही.

‘मराठी मध्यमवर्गाला चित्रकलेची आवड नाही’ या एका वाक्यात या गोष्टीचा निकाल लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. वाक्य सोयीचे आहे, पण पुराव्याला टिकणारे नाही. दलालांच्या मुखपृष्ठासाठी दिवाळी अंक जपून ठेवणारी आणि मुळगावकरांचे कॅलेंडर वर्ष उलटल्यावरही भिंतीवरून न उतरवणारी घरे याच वर्गाची होती. तेव्हा आवड नाही असे म्हणण्यापूर्वी ती भागवण्यास पडणारी किंमत मोजून पाहणे न्यायाचे ठरेल.

अर्थशास्त्रात वस्तूची किंमत केवळ तिच्या दामावरून ठरत नाही. ती मिळवण्यासाठी ज्याचा त्याग करावा लागतो, तोही किमतीत धरावा लागतो. जहांगीर कलादालन सकाळी अकराला उघडते आणि सायंकाळी सातला मिटते. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि त्याच्या समोरच्या बाजूचे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय यांचे दरवाजे सायंकाळी सहाच्या सुमारास बंद होतात. कचेऱ्यांच्या वेळाही जवळजवळ याच आहेत. म्हणजे नोकरदार माणूस या वास्तूंपासून हाकेच्या अंतरावर असतो, त्या वेळी तो हजेरीपटाशी बांधलेला असतो. आणि तो मोकळा होतो, तेव्हा त्याला दालन नव्हे, सहा-बाविसची गाडी दिसत असते.

राहता राहिला रविवार. कल्याण ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे ५४ किलोमीटरचे, तर विरार ते चर्चगेट सुमारे ६० किलोमीटरचे. जाण्यायेण्यात अडीच-तीन तास सहज मोडतात, आणि नेमक्या रविवारीच रेल्वेचे मेगाब्लॉक असतात. चौघांच्या कुटुंबाचे भाडे, बाहेरचे खाणे आणि आठवड्यातील एकुलत्या एका सुट्टीचा दिवस हे सारे मिळवले, म्हणजे ‘विनामूल्य’ प्रवेशाची खरी किंमत हाती येते. ती दामापेक्षा वेळेत अधिक भरावी लागते, आणि नोकरदाराजवळ नेमका वेळच सर्वांत तुटपुंजा असतो.

ही परिस्थिती कोणी ठरवून निर्माण केलेली नाही. १९५१ च्या जनगणनेत, आजच्या बृहन्मुंबईच्या हद्दीत राहणाऱ्या सुमारे ३० लाख लोकांपैकी २३ लाखांहून अधिक लोक मूळ शहर बेटावर राहत होते. गिरगाव, परळ किंवा दादरहून ट्राममध्ये बसून फोर्टात येणाऱ्या त्या शहरासाठी काळा घोडा ही अगदी योग्य जागा होती. २०११ च्या जनगणनेत मात्र सुमारे १ कोटी २४ लाखांपैकी शहर जिल्ह्यात उरले ३१ लाखांहून थोडे कमी. उपनगर जिल्ह्यात ९३ लाखांहून अधिक. ठाणे, डोंबिवली, वसई ही तर त्या हिशेबाबाहेरची गावे. माणसे उत्तरेला गेली, चित्रे दक्षिणेलाच राहिली.

यावर कोणी म्हणेल की कलेचे पेठेप्रमाणे केंद्र असावेच लागते. काही अंशी ते खरे आहे. पण मग नाटकाचे काय झाले ते पाहावे. एके काळी मराठी नाटकाचा प्रेक्षकही गिरगावात एकवटलेला होता. तो हलला तसे नाटक त्याच्यामागे गेले. दादरला १९६५ मध्ये शिवाजी मंदिर झाले, ठाण्याला १९७८ मध्ये गडकरी रंगायतन. पुढे पार्ले, मुलुंड, बोरिवली, कल्याण, डोंबिवली येथे नगरपालिकांनी आणि महानगरपालिकांनी नाट्यगृहे बांधली. त्यांच्या स्वच्छतागृहांविषयी नटांनी आणि प्रेक्षकांनी जे बोलायचे ते बोलून झाले आहे. तरीही शनिवारी दुपारी जेवून, पायी चालत प्रयोगाला जाता येते, ही सोय मराठी नाटक टिकण्याच्या कारणांपैकी एक आहे हे नाकारता येणार नाही. ज्या पालिकांना नाट्यगृह ही नागरी गरज वाटली, त्यांनाच कलादालन ही तशी गरज वाटली नाही. अपवाद आहेत, पण ते अपवादच.

याची दुसरी बाजू चित्रकाराची आहे आणि ती अधिक बोचरी आहे. जहांगीरमधील प्रदर्शन साधारणतः एक आठवड्याचे, मंगळवारी सुरू होऊन सोमवारी संपणारे. त्यासाठी चित्रकाराला काही वर्षे रांगेत थांबावे लागते आणि जागेचे भाडेही भरावे लागते. म्हणजे प्रेक्षकाचा प्रवेश विनामूल्य असतो, कारण त्याचे मोल चित्रकाराने आधीच चुकते केलेले असते. अशा चित्रकाराचे डोळे त्या सात दिवसांत कोणाकडे लागतील? घेणाऱ्याकडे, पाहणाऱ्याकडे नव्हे. मग फलक इंग्रजीत, पुस्तिका इंग्रजीत, आणि दारातून आत डोकावणाऱ्या शिक्षकाला आपण आगंतुक आहोत असे वाटू लागते. त्याला कोणीही अडवलेले नसते, तरी तो परत फिरतो.

डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रे १९७५ मध्ये याच वास्तूतील केमोल्ड गॅलरीत लागली. भास्कर कुलकर्णी यांच्या पारखी नजरेमुळे कुडाच्या भिंतीवरची कला सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास करून फोर्टात आली आणि तेथून जगभर गेली. चित्र एवढा प्रवास करू शकते, तर ते उलट दिशेनेही जाऊ शकते. वस्तुसंग्रहालयाने २०१५ पासून आपल्या वस्तू बसमध्ये मांडून शाळांच्या दारी नेण्यास आरंभ केला, हे त्या दिशेने टाकलेले पाऊल म्हणावे लागेल.

वांद्रे-कुर्ला संकुलात २०२३ मध्ये एका उद्योगसमूहाने भव्य सांस्कृतिक केंद्र उघडले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये भुयारी मेट्रो आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. दोन्ही गोष्टी स्वागतार्ह आहेत. पण त्यांनी अंधेरीकराचा प्रश्न थोडा हलका होतो, बदलापूरकराचा नाही.

नव्या इमारतींची वाट पाहण्याआधी दोन गोष्टी करता येण्याजोग्या आहेत. सार्वजनिक संग्रहालयांनी आठवड्यातून एक दिवस रात्री नऊपर्यंत दारे उघडी ठेवावीत. कचेरी सुटलेला माणूस गर्दीची वेळ टाळण्यासाठी तरी आत शिरेल. आणि पालिकांनी आपल्या नाट्यगृहांच्या प्रतीक्षागृहांतील भिंती चित्रकारांना भाड्याविना द्याव्यात. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांत बटाटावडा हातात घेऊन पाच-सातशे माणसे तेथे उभी असतात, आणि समोरच्या भिंतीवर बहुधा आसनव्यवस्थेचा तक्ता तेवढा असतो. खर्च म्हणाल, तर काही खिळे, चार दिवे आणि एका पहारेकऱ्याचा पगार.