पहिलीच्या वर्गाचा दिनक्रम आणि घरातील आजी-आजोबा

जून महिन्याच्या मध्यावर शाळा उघडतात आणि अनेक घरांमध्ये सकाळची सारी धावपळ आजी-आजोबांच्या वाट्याला येते. आई-वडील दोघेही नोकरीला जाणारे असले, की नातवंडाला उठवणे, डबा भरणे, शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवणे आणि दुपारी परत आणणे ही कामे ज्येष्ठांकडे असतात. परतीच्या वाटेवर ‘आज शाळेत काय शिकवले?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि ‘काहीच नाही’ हे उत्तरही ठरलेले असते. महिना उलटला तरी वहीत चार रेघांपलीकडे काही दिसत नाही, तेव्हा या शाळेत शिकवतात तरी काय, अशी शंका मनात डोकावू लागते.

वस्तुतः या काळात मूल पुष्कळ शिकत असते; ते वहीत उमटत नाही इतकेच. चपला कोठे काढायच्या, दप्तर कोठे ठेवायचे, बाईंशी बोलायचे असेल तर काय करायचे, लघवीला जायचे असेल तर कोणाला सांगायचे, चाळीस मुलांच्या रांगेत आपली जागा कोणती, हे सारे त्याला नव्याने आत्मसात करावे लागते. हा वर्गाचा दिनक्रम पक्का बसला, तर पुढील वर्षभराचे शिक्षण सुकर होते. तो बसला नाही, तर त्याचा ताण मुलाच्या झोपेवर, भुकेवर आणि पोटावर दिसू लागतो. म्हणूनच हा विषय जितका शिक्षणाचा, तितकाच आरोग्याचाही आहे.

क्रम हेच मुलाचे घड्याळ

सहा वर्षांच्या मुलाला ‘साडेबारा वाजता सुट्टी’ या वाक्याचा फारसा बोध होत नाही. ‘खाऊ झाला की गोष्ट, गोष्ट झाली की घर’ हे मात्र नेमके कळते. पुढे काय होणार हे ठाऊक असले, की अनोळखी जागेची भीती ओसरते. आई पुन्हा भेटणार का, ही लहान मुलाची खरी चिंता असते आणि तिचे उत्तर त्याला घटनांच्या क्रमातून मिळते.

दुसरे कारण स्मरणाचे आहे. या वयात एका वेळी मनात धरून ठेवता येणाऱ्या सूचना थोड्याच असतात. ‘वही काढा, तारीख घाला, फळ्यावरचे उतरवा आणि झाले की पुस्तक उघडा’ असे एका दमात सांगितले, तर पुष्कळ मुले वही काढून थांबतात. तो हट्टही नव्हे आणि आळसही नव्हे. पुढची सूचना मनातून निसटलेली असते. रोजच्या सवयीने यांपैकी दोन-तीन गोष्टी आपोआप होऊ लागल्या, की उरलेले लक्ष अक्षराकडे आणि अंकाकडे वळते.

आपल्या पिढीला हे नवे नाही. दिवेलागणीला हातपाय धुणे, देवापुढे बसून शुभंकरोती, मग पाढे, मग जेवण, हा क्रम कित्येक घरांत वर्षानुवर्षे चालत आला. तो मुलांना कोणी रोज समजावून सांगत नसे. एक गोष्ट संपली की दुसरी आपसूक सुरू होई.

दिनक्रम शिकवावा लागतो

अनुभवी शिक्षिका दिनक्रमही पाठासारखाच शिकवतात. पहिल्या दिवशी पंधरा नियम वाचून दाखवण्याऐवजी त्या एक कृती निवडतात. उदाहरणार्थ, दप्तर जागेवर ठेवणे. प्रथम स्वतः करून दाखवतात, मग दोन मुलांकडून करवून घेतात, मग साऱ्या वर्गाकडून. ‘शाबास’ एवढ्यावर न थांबता ‘आज सर्वांनी पट्टे आत घालून दप्तरे ठेवली, त्यामुळे कोणी अडखळले नाही’ असे नेमके सांगतात. ही कृती अंगवळणी पडल्यावरच दुसरी घेतात. पहिले काही आठवडे यात जातात आणि ते वाया गेलेले नसतात. दिवाळीच्या सुट्टीनंतर घडी विस्कटलेली असते. तेव्हा ओरडण्याऐवजी पुन्हा दोन-चार दिवस तोच सराव करावा लागतो.

वर्गाच्या भिंतीवर चित्रांचा तक्ता असतो: परिपाठ, गोलात बसून गप्पा, वाचन, गणित, हात धुणे, जेवण, गोष्ट, दप्तर भरणे. वाचता न येणारे मूलही बोट ठेवून आपण दिवसाच्या कोणत्या टप्प्यावर आहोत हे पाहू शकते. अधिक लक्ष लागणारी कामे सकाळच्या ताज्या वेळात घेतली जातात. जेवणानंतर गोष्ट किंवा चित्रकला असते.

सर्वांत नाजूक वेळ असते ती एक काम संपून दुसरे सुरू होण्याची. ढकलाढकली, रडारड आणि पाण्याची सांडलवंड बहुधा याच वेळी होते. जाणत्या शिक्षिका काम संपण्यापूर्वी ‘अजून दोन मिनिटे’ अशी सूचना देतात आणि मग ठरलेली टाळी वाजवतात किंवा एखादे बडबडगीत सुरू करतात. गाणे संपेपर्यंत खडू डब्यात गेलेले असतात. आवाज चढवावा लागत नाही.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे आपल्या साऱ्यांच्या परिचयाचे आहे. त्याने वर्ग गप्प होतो. परंतु मुलाने काय करायचे हे त्यातून कळत नाही, काय करायचे नाही एवढेच कळते. चांगल्या दिनक्रमात मुलाच्या हाताला काम असते: कोणी पाण्याच्या बाटल्या रांगेत लावते, कोणी हजेरीची नावपट्टी अडकवते, कोणी कुंडीला पाणी घालते. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे, हेही येथे लक्षात ठेवावे. धाकाने बसवलेली शिस्त धाक दूर होताच मोडते.

कोसबाडचा धडा

महाराष्ट्राला या विचाराची जुनी परंपरा आहे. इटलीत डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे दिवसाचा आरंभ हात, नखे, केस यांच्या स्वच्छतेने होई आणि ओतणे, पुसणे, गुंड्या लावणे ही घरगुती कामे शिक्षणाचाच भाग होती. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत भावनगर येथे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे हा विचार आपल्या मातीत रुजवला. बोर्डी येथे १९४५ साली त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ तेथे त्यांना येऊन मिळाल्या आणि १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर बहरले.

मुले बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव पुढे देशभर रूढ झाले आणि १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने ते गावोगाव पोहोचवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढून गुरे चरतात तेथेच शिक्षण नेले गेले. दिनक्रम मुलाच्या जगण्याशी जुळवून आखावा लागतो, हा कोसबाडचा धडा आजच्या शहरी घरांनाही लागू पडतो.

झोप, पाणी आणि शौचालय

अमेरिकेतील निद्रावैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली दिलेल्या शिफारशीनुसार ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाच्या २४ तासांत ९ ते १२ तास झोप हवी. ३ ते ५ वर्षांच्या मुलांना, दुपारची झोप धरून, १० ते १३ तास. साडेसहाला उठायचे असेल, तर पहिलीतील मुलाने साडेआठ-नऊपर्यंत झोपी गेलेले बरे. घरात दहापर्यंत दूरदर्शन संच चालू असतो आणि मग सकाळी ‘उठत नाही’ म्हणून मुलाला बोल लावला जातो. मुलांची झोप पुरी व्हावी याच हेतूने राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवण्याचा निर्णय घेतला.

पाणी आणि शौचालय यांविषयी घरात क्वचितच विचारणा होते. पुष्कळ लहान मुले शाळेत लघवी रोखून धरतात. कोणाला विचारायची लाज वाटते, कोणाला अंधाराची किंवा वासाची भीती वाटते. घरी कमोडची सवय असलेल्या मुलाला शाळेतील भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसता येत नाही. मग ते पाणीच पीत नाही. भरलेली बाटली तशीच घरी येते. सतत लघवी रोखल्याने मूत्रमार्गाच्या संसर्गाची शक्यता वाढते, शौच रोखल्याने बद्धकोष्ठता होते आणि दोन्हींमुळे कपडे ओले किंवा खराब होऊ लागतात. केरळातील शाळांनी २०१९ साली पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. तशीच शौचालयाची ठरलेली वेळ वर्गाच्या क्रमात असावी. मात्र मधल्या वेळी लागली तरी जाण्याची मुभा हवीच. पालकसभेत हा प्रश्न आजी-आजोबांनी निःसंकोच विचारावा.

सरकारी व अनुदानित शाळांमध्ये मिळणाऱ्या शिजवलेल्या आहारात पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने यांचे प्रमाण ठरलेले आहे. तरीही सकाळी उपाशी पोटी आलेले मूल पहिल्या तासाला पेंगते किंवा चिडचिडते. दूध-पोळी, उपमा, केळे असे थोडे काही पोटात घालूनच त्याला पाठवावे. जेवणापूर्वी साबणाने निदान २० सेकंद हात धुण्याची सवय घरीही तशीच चालू ठेवावी.

घरी काय करावे?

शाळेचा आणि घरचा क्रम एकमेकांना पूरक असला, की मुलाची ओढाताण होत नाही. त्यासाठी पुढील गोष्टी सहज जमण्याजोग्या आहेत.

• दप्तर, गणवेश, पाण्याची बाटली यांची तयारी आदल्या रात्री मुलाच्या हातून करवून घ्यावी. वेळ लागला तरी गुंड्या आणि चपलांचे पट्टे त्यालाच लावू द्यावेत. आजीच्या मायेने भरवलेला घास गोड खरा. पण शाळेत डबा उघडून स्वतःच खायचे असते.

• फाटकापाशी निरोप थोडक्यात घ्यावा. ‘गोष्ट झाली की मी याच झाडाखाली उभा असेन’ असे सांगावे, एकदा पाठीवरून हात फिरवावा आणि निघावे. लपून निघून जाऊ नये, तसेच खिडकीतून डोकावतही राहू नये. कबूल केलेल्या वेळी मात्र न चुकता हजर असावे.

• न्याहरीनंतर पाच-दहा मिनिटे शौचास बसण्याची सवय लावावी. खाल्ल्यावर आतड्यांची हालचाल वाढते, त्याचा उपयोग होतो. उकिडवे बसण्याचा सराव सुट्टीत करून घ्यावा.

• ‘काय शिकवले?’ याऐवजी ‘आज गोलात कोणाशेजारी बसलास?’ किंवा ‘आज बाटल्या लावायची पाळी कोणाची होती?’ असे विचारावे. उत्तर लांबलचक मिळते.

• रविवारीही उठण्या-झोपण्याच्या वेळा फार बदलू नयेत.

आजीची गोळीही तक्त्यावर

या धांदलीत ज्येष्ठांचा स्वतःचा दिनक्रम बहुधा मोडतो. रक्तदाबाची गोळी राहून जाते, न्याहरी लांबते, सकाळचे फिरणे बंद पडते. मधुमेहाची काही औषधे किंवा इन्सुलिन घेऊन वेळेवर न खाता नातवाला पोहोचवायला निघणे धोक्याचे आहे. वाटेत घाम फुटणे, हात थरथरणे, चक्कर येणे ही रक्तातील साखर उतरल्याची लक्षणे असू शकतात, आणि अशा वेळी हाताशी लहान मूल असते. म्हणून खिशात साखर किंवा ग्लुकोजच्या गोळ्या असाव्यात आणि न्याहरी नातवाबरोबरच करावी. स्वयंपाकघरात मुलासाठी चित्रांचा तक्ता लावाल, तेव्हा दात घासण्याच्या आणि दुधाच्या चित्रांशेजारी आजीच्या गोळीचेही चित्र काढावे. मुले आठवण करून द्यायला फार तत्पर असतात. औषधाची डबी मात्र त्यांच्या हाताला लागणार नाही अशाच जागी असावी. आणि गुडघे दुखत असतील, तर दोन्ही खेपा आपणच करायच्या हा हट्ट सोडून एक खेप मुलाकडे किंवा सुनेकडे सोपवावी.

तज्ज्ञांना केव्हा दाखवावे?

आरंभीचे काही आठवडे रडणे स्वाभाविक आहे. परंतु दोन-तीन महिन्यांनंतरही शाळेच्या दिवशीच पोट दुखत असेल, कोरडे राहणारे मूल पुन्हा कपडे ओले करू लागले असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा झोपेत ते वारंवार दचकून उठत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. सूचना पाळत नाही अशी तक्रार सतत येत असेल, तर प्रथम कान व डोळे तपासून घ्यावेत; ऐकू कमी येणारे मूल अनेकदा ‘खोडकर’ ठरते. लहानसा बदलही असह्य होणारी किंवा क्षणभरही स्थिर न राहणारी काही मुले असतात. त्यांच्या विकासाची तपासणी लवकर झालेली बरी. अशा मुलांना चित्रांचा तक्ता इतरांहून अधिक आधार देतो.

एका आठवड्यात सारे घर बदलण्याचा संकल्प करू नये. येत्या रविवारी संध्याकाळी एकच कृती निवडावी, म्हणजे दप्तर भरून दाराजवळ ठेवण्याची. ती पंधरा दिवस चालू द्यावी आणि मग दुसरी घ्यावी. पहिलीच्या बाई वर्गात हेच करत असतात.