पक्क्या दातांची किंमत शेजारी मोजतात

पहिली पक्की दाढ सहाव्या वर्षाच्या सुमारास येते. दुधाचा एकही दात न पाडता ती सगळ्यांच्या मागे उगवते, त्यामुळे घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ‘पडणारच आहे’ म्हणत कीड वाढू दिली जाते आणि ऐन तारुण्यात ती दाढ काढून टाकायची वेळ येते. दुखणं थांबलं की माणूस ती जागा विसरतो. पण मागची दाढ त्या खिंडीकडे कलू लागते, समोरच्या जबड्यातली दाढ टेकायला काही न उरल्याने लांबत जाते आणि रिकाम्या जागेतलं हाड झिजतं. काही वर्षांनी दात बसवायला गेलं, तर आधी या सरकलेल्या दातांचा बंदोबस्त करावा लागतो.

नागपुरात अशा रुग्णांचं जुनं ठिकाण म्हणजे ‘मेडिकल’च्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातलं, १९६८ मध्ये सुरू झालेलं शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय. आता शहरभर खासगी दवाखानेही आहेत. रुग्णाची मागणी बहुतेक वेळा एकच असते: रोज काढ-घाल करायची कवळी नको, पक्के दात हवेत. पक्के दात म्हणजे बहुधा ब्रिज.

ब्रिज करताना रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात चहूबाजूंनी तासतात. चावण्याच्या बाजूने साधारण दीड ते दोन मिलिमीटर. मग माप घेऊन लॅबला पाठवतात. तिथे दोन कॅप आणि त्यांच्या मधोमध जोडलेला खोटा दात असा एकसंध तुकडा तयार होतो. कधी धातूवर सिरॅमिक चढवून, कधी झिर्कोनियाचा. तोवर तासलेल्या दातांवर तात्पुरत्या कॅप असतात. शेवटी रंग आणि चावा जुळवून तो सिमेंटने घट्ट बसवतात.

एकदा तासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही. म्हणून ब्रिजचा निर्णय रिकाम्या जागेकडे पाहून घेण्याऐवजी तिच्या शेजाऱ्यांकडे पाहून घ्यायला हवा. शेजारच्या दातांचं रूट कॅनॉल झालं असेल, त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हा सरळ आणि शहाणपणाचा मार्ग. पण बाविशीतल्या तरुणाचे दोन निरोगी दात एका दातासाठी तासायचे, तर इम्प्लांटचा विचार आधी व्हायला हवा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये टायटॅनियमचे स्क्रू रुग्णाच्या जबड्यात बसवले, तेव्हापासून हा पर्याय विकसित होत गेला. तो महाग पडतो, वेळही खातो. मात्र शेजारच्या दातांना हात लागत नाही. समोरचा एखादाच दात गेला असेल, तर मागून पातळ पंख चिकटवलेला मेरीलँड ब्रिजही चालू शकतो. त्यात दात अगदी थोडा तासावा लागतो. हे तिन्ही पर्याय समोर ठेवा, असं डॉक्टरांना सांगणं हा रुग्णाचा हक्कच आहे.

विदर्भात यात खर्ऱ्याची भर पडते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घासून पानठेल्यावर खर्रा तयार होतच राहिला. सुपारीमुळे गालाचं आतलं अस्तर ताठ होत जातं, तिखट झोंबतं आणि तोंड कमी उघडू लागतं. तीन बोटं उभी आत जायची, तिथे एक जाणंही कठीण होतं. मग मापाचा ट्रे आत शिरत नाही, मागच्या दाढेपर्यंत तासायचं यंत्र पोचत नाही. ही अवस्था कर्करोगाकडे नेऊ शकते, म्हणून अशा रुग्णाला आधी गालाची तपासणी आणि उपचार लागतात. खर्रा सोडणं तर त्याहून आधी. आणि ब्रिज बसल्यावरही सवय सुटली नाही, तर कडक सुपारीने सिरॅमिकचे टवके उडण्याचा धोका राहतो.

एरवी नीट केलेला ब्रिज दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त टिकतो. तो निकामी होतो तो बहुधा कॅपच्या कडेला, हिरडीलगत अन्न साचून आतला दात किडल्यामुळे. खोट्या दाताच्या खाली ब्रश पोचत नाही. तिथे टोक कडक असलेला सुपरफ्लॉस किंवा दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश रोज फिरवावा लागतो. रूट कॅनॉल झालेल्या दातात कीड वाढली, तरी दुखत नाही, त्यामुळे ती कळायला उशीर होतो. ब्रिजजवळ दुर्गंधी येऊ लागली किंवा एक बाजू किंचित हलतेय असं वाटलं, तर त्याच आठवड्यात दाखवावं. लवकर दाखवलं तर खालचा दात वाचवून नवा ब्रिज करता येतो. उशीर झाला, तर एकाच्या जागी दोन दातांची खिंड भरायची वेळ येते.