गुन्हा दाखल झाला म्हणजे नोकरी गेली?

पुण्याच्या नारायण पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना एक धास्ती कायम असते: पोलिसांत नाव गेलं की सगळं संपलं. 11 मार्च 2021 रोजी राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि विद्यार्थी शास्त्री रस्त्यावर उतरले. अशा वेळी गावाकडून येणारा फोनही हेच बजावतो: तू पुढे होऊ नकोस.

पण एफआयआर म्हणजे दोषसिद्धी नव्हे. तिथून तपास सुरू होतो, एवढंच. घात होतो तो बऱ्याचदा लपवाछपवीने. निवडीनंतरच्या साक्षांकन नमुन्यात अटक, खटला, शिक्षा यांबद्दल सरळ प्रश्न असतात. अवतार सिंग खटल्यात (2016) सर्वोच्च न्यायालयाने बजावलं की ही माहिती खरीच द्यायला हवी. तरुण वयात घोषणा देण्यासारखी किरकोळ बाब कुणी दडवली असेल, तर नियोक्ता ती सोडून देऊ शकतो, असंही त्याच निकालात आहे. मात्र खरं सांगितलं म्हणून नेमणूक मिळेलच, अशी हमी न्यायालयाने दिलेली नाही.

दुसरा समज जास्त घातक आहे: ‘निर्दोष सुटलो, आता नोंद आपोआप पुसली जाईल.’ प्रौढांची संपूर्ण नोंद मोहोरबंद करणारा कायदा आपल्याकडे नाही. 2022च्या कायद्यानुसार बोटांचे ठसे, छायाचित्रं वगैरे 75 वर्षं जपली जातात. आधी शिक्षा न झालेला माणूस निर्दोष सुटला, तर अपिलाचे सगळे मार्ग संपल्यावर ती नष्ट करायची असतात. न्यायालयाने वेगळा आदेश दिला तर नाही. निकालपत्राचं तसं नाही, ते राहतं. परिवीक्षेवर सोडलेल्याला 1958च्या कायद्याचं कलम 12 आधार देतं: दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागत नाही, दोषसिद्धी मात्र पुसली जात नाही.

अल्पवयीनांबद्दल पुण्यात बोलणं अवघड झालंय. मे 2024मध्ये कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन जीव गेले, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाचं नाव छापायलाही बंदी का, असा संताप उसळला. तो समजण्यासारखाच होता. पण बाल न्याय कायद्याचं कलम 74 श्रीमंताच्या मुलासाठी केलेलं नाही. मोबाइल चोरताना सापडलेल्या वस्तीतल्या पोरालाही तेच झाकतं. प्रकरण चालू असो वा निकाली निघालेलं, चारित्र्य पडताळणीत पोलिसांना ते सांगता येत नाही. कलम 24 प्रमाणे अपिलाची मुदत संपल्यावर कागदपत्रंही नष्ट करायची असतात. सोळा वर्षांवरच्या ज्या मुलावर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध होतो, त्याला कलम 24ची ही सवलत नाही.

मला खुपतं ते पुढचं. सतराव्या वर्षी केलेल्या मारामारीची नोंद नष्ट होते, एकोणिसाव्या वर्षीची जन्मभर मागे लागते. ब्रिटनमध्ये 1974च्या कायद्याने ठरावीक काळ सरळमार्गी राहिलेल्याची जुनी शिक्षा बहुतेक नोकऱ्यांसाठी सांगावी लागत नाही. गंभीर गुन्हे आणि लहान मुलांशी संबंधित कामं त्यातून वगळली आहेत. असा कायदा इथे हवाच. जुन्या चुकीपायी ज्याला नोकरी मिळत नाही आणि भाड्याने खोलीही मिळत नाही, त्याने सरळ मार्गाने जगायचं तरी कसं?

तोवर निकालाची प्रमाणित प्रत ज्या न्यायालयात खटला चालला तिथून काढून जपून ठेवावी. साक्षांकन नमुन्यातला प्रश्न नीट वाचून उत्तर द्यावं, आणि अर्ज दिल्यानंतर गुन्हा दाखल झाला तर तोही लेखी कळवावा.