शाकारणीआधी माळा तपासा. आधी जनावर बाहेर, मगच फट बंद

मे महिना अर्धा सरला की कोकणात गावोगावी कौलारू घरांची शाकारणी सुरू होते. फुटकी कौले बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या आणि मृगाच्या आत सगळे आटपायचे, अशी घाई असते. या घाईत एक काम हमखास राहते. वर्षभर रात्री माळ्यावर जे धावत असते, त्याची येण्याजाण्याची वाट तशीच राहते. नाहीतर उलटे होते. भोक बुजवले जाते आणि जनावर आतच कोंडले जाते. मग चार दिवसांनी घरात बसवत नाही असा वास सुटतो. पिल्ले आत आणि आई बाहेर राहिली, तर ती दुसरीकडून कौल सरकवून आत शिरते आणि पहिल्या मोठ्या पावसात नेमके तिथेच गळते. म्हणून या कामात क्रम महत्त्वाचा आहे.

आधी ओळखा, वर कोण आहे

आवाज आणि लेंड्या या दोन गोष्टींवरून बहुतेक वेळा उलगडा होतो. रात्री हलकी पळापळ, कुरतडण्याचा आवाज आणि तांदळापेक्षा मोठ्या, टोकदार कडक लेंड्या असतील तर उंदीर. मांजरासारखी जड पावले, विष्ठेत फळांच्या बिया आणि उग्र वास असेल तर कांडेचोर, म्हणजे उदमांजर. तिन्हीसांजेला चिकचिक आणि वळचणीखाली काळ्या, बोटाने चुरडल्यावर भुगा होणाऱ्या लेंड्या असतील तर वटवाघळे. दिवसाढवळ्या कौले खडखडली तर माकड किंवा वानर.

वाट कुठली ते कळत नसेल तर संशयाच्या जागी रात्री चुलीतली राख किंवा पीठ पातळ पसरून ठेवावे. सकाळी पावले दिसतात. दुपारी माळ्यावर अंधार करून बसले तर जिथून उजेड येतो, तीच फट.

खायला मिळते म्हणून येतात

माळ्यावर आंब्याची अढी, केळीचे घड, भाताच्या कणग्या, सुकी मासळी असते. कांडेचोर पिकल्या फळाच्या वासावर येतो. उंदीर भातावर येतो आणि उंदरामागून धामण, कधी नागही. साप नको असेल तर आधी उंदीर हटवावा लागतो. भात पत्र्याच्या कोठीत किंवा झाकणाच्या पिंपात ठेवावे. फळे जाळीच्या कपाटात ठेवावीत. कोंबड्यांचे खाद्य आणि खरकटे रात्री उघडे ठेवू नये.

घरावर आलेल्या फांद्या छाटाव्यात. उंदीर आणि कांडेचोर याच वाटेने चढतात. वानराला मात्र दहा फुटांची झेप सहज जमते. त्याच्यासाठी फांदी छाटणे पुरेसे नाही, अंगणातले खाणे उचलणे जास्त उपयोगी. विजेच्या तारेजवळची फांदी स्वतः तोडू नये, महावितरणला कळवावे.

बाहेर पडू द्या

उंदीर सोडले तर बाकीच्यांना मारायची गरज नसते. कांडेचोर दिवसा झोपतो आणि रात्री बाहेर पडतो. माळ्यावर दोन-तीन रात्री दिवा जळत ठेवला आणि दिवसा वावर वाढवला, तर तो बहुधा जागा सोडतो. मात्र त्याआधी कोपऱ्यात पिल्ले आहेत का ते पाहावे. असतील तर हात लावू नये. ती आईमागे फिरू लागेपर्यंत थांबावे. मग भोकात कागदाचा बोळा नुसता अडकवून ठेवावा. तीन रात्री बोळा हलला नाही, तर आत कोणी नाही असे समजावे.

वटवाघळांसाठी फटीवर बाहेरून बारीक जाळी वरच्या बाजूने ठोकावी आणि खालून सैल सोडावी. ती सरपटत खाली बाहेर पडतात, परत आत शिरायला त्यांना वाट सापडत नाही. अंगाला चिकटलेली किंवा उडू न शकणारी पिल्ले दिसत असतील, तर हे काम काही आठवडे पुढे ढकलावे.

मग फट बुजवा

सर्वात जास्त फटी भिंत आणि पाखाडीच्या मध्ये, आढ्याखाली आणि पाइप किंवा वायर आत येते तिथे असतात. उंदराला अर्ध्या इंचाची, तर छोट्या चिचुंद्रीएवढ्या उंदराला त्याहून बारीक फट पुरते. प्लॅस्टिकची जाळी आणि फोम ते एका रात्रीत कुरतडतात. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पातळ आणि मोठ्या भोकांची असते. पाव इंची वेल्डेड जाळी वाशाला खिळ्यांनी पक्की ठोकावी. लहान भोकात भांडी घासायची स्टीलची तार कोंबून वरून सिमेंट लावावे. मात्र हवा खेळायच्या जागा सिमेंटने बुजवू नयेत, तिथे जाळीच हवी. नाहीतर पावसाळ्यात वासे कुजतात.

हे टाळा

माळ्यावर उंदराचे विष टाकले तर उंदीर वाशांच्या सांदीत मरतो, काढता येत नाही. तो मेलेला किंवा अर्धमेला उंदीर खाऊन घरचे मांजर आणि गव्हाणी घुबडही दगावते. खरे तर हे घुबड रात्रभर उंदीरच टिपते. त्यापेक्षा पिंजरा बरा. छपराला वीजप्रवाह सोडणे तर जिवावरचे काम आहे. पावसात ओल्या छपरावर चढणारा माणूसच त्यात सापडतो.

कांडेचोर, साप आणि घुबड यांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्यांना मारणे किंवा पकडून ठेवणे गुन्हा ठरतो. साप दिसला किंवा जनावर अडकले तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करावा. काठीने डिवचू नये.

सफाई करताना लेंड्या सुक्या झाडू नयेत. पाणी शिंपडून, तोंडाला फडके आणि हातात मोजे घालूनच उचलाव्यात. उंदराच्या मुतातून लेप्टोचे जंतू पसरतात आणि हातापायाच्या जखमेतून ते अंगात शिरतात. साफसफाईनंतर काही दिवसांत ताप आणि अंगदुखी सुरू झाली, तर डॉक्टरांना माळा झाडल्याचे आवर्जून सांगावे.

शाकारणीला गडी लावताना जाळी, खिळे आणि थोडे सिमेंट आधीच आणून ठेवावे. कौले उतरलेली असताना हे काम काही तासांत होते. पाऊस लागल्यावर तेच काम दिवाळीपर्यंत लांबते.